इसारानंतरचा भाव

आबा, काल स्कूटर घरी आली. स्कूटर तुम्ही पाहिलेली नाही. दोन लहान चाकं, मध्ये पाय ठेवायला सपाट जागा, आणि इंजिन मोटारसायकलसारखं उघडं नाही, मागच्या बाजूला पत्र्याखाली झाकलेलं. साडी नेसून चालवता येते, माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचं. रंग राखाडी. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, आणि आई आणि मी चिंचवडला दोन खोल्यांत राहतो. मी पत्रं फारशी लिहीत नाही. पण कालचा व्यवहार असा झाला की तो पुरता समजेल असा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा आठवेना.

आधी गरज सांगते, कारण गरज नसताना घेतलेल्या जनावराला तुम्ही नावं ठेवायचात. आमच्याकडे रात्रभर वाढत ठेवलेल्या नमुन्यांची सकाळी सहाला पाहणी असते. ते काम जबाबदारीचं आहे आणि मला ते हवं होतं. साहेब म्हणाले, "देईन, पण सहा म्हणजे सहा. तुमची बस सव्वासहाला आली तर जंतू थांबत नाहीत." बस सव्वासहालासुद्धा येईल याची खात्री नव्हती. म्हणून मी मुंबई रस्त्यावरच्या एजन्सीत स्कूटर नोंदवली, रक्कम भरली आणि वाट पाहू लागले. हल्ली नव्या गाड्यांना नंबर लागतो. वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं; साहेबांनी तेवढी मुदत दिली. नोंदणीच्या कागदामागे बारीक अक्षरात छापलं होतं की गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जो भाव असेल तो लागू होईल. ते मी वाचलं होतं, आणि वाचूनच सही केली होती. त्यामुळे गेल्या आठवड्यात "आपली गाडी आली आहे, भाव मात्र वाढला आहे" असं एजन्सीचं पत्र आलं तेव्हा मला राग आला नाही. मी बाजूला ठेवलेल्या पैशांचा हिशेब केला. जमत होतं.

आईला मात्र मी ते पत्र सहज म्हणून वाचून दाखवलं, आणि तिने निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "म्हंजी इसार घेतल्याव भाव हालला?" मी म्हटलं, "इसार नाही आई, आगाऊ रक्कम." ती म्हणाली, "तेच गं ते. मंग ती गाडी दारात आनायची न्हाई. तुज्या आबांनी जल्मभर जे पाळलं ते मी तुज्या फटफटीसाठी मोडायची न्हाई." आणि पुन्हा सूप उचललं.

इसार दिल्यावर भाव हलला तर ते जनावर घ्यायचं नाही. तुम्ही बैलबाजारातले दलाल, आणि हा तुमचा नियम चाकणच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. मी सात-आठ वर्षांची असेन. शनिवार आहे, ऊन चढलंय, बाजारात शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास आहे, आणि मी तुमची छत्री धरून उभी आहे. तुमचा एक हात उपरण्याखाली विकणाऱ्याच्या हातात आहे, त्याची बोटं दाबून तुम्ही भाव सांगताय, आणि चेहऱ्यावर मात्र असा भाव की जणू पावसापाण्याचं बोलणं चाललंय. शेजारच्या पांढऱ्या खोंडाच्या पाठीवर मी हात फिरवते. तुम्ही उपरण्यातला हात न काढता माझ्याकडे बघता आणि हळूच म्हणता, "ए पोरी, हात काढ. घ्यायच्या जनावराला गोंजारलं की मालक धा रुपयं चढवतो." मला फार लागलं होतं ते. मी खोंडाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते असं मला वाटत होतं.

तेच खोंड मामाला हवं होतं. इसार झाला, पुढच्या बाजारी न्यायचं ठरलं, आणि पुढच्या बाजारी मालक म्हणाला, "पाव्हनं, आता पंचवीस वाढून पडतील." मामा द्यायला तयार होता. त्याने कमरेची पिशवी सोडलीसुद्धा. तुम्ही ती त्याच्या कमरेला पुन्हा बांधलीत आणि म्हणालात, "जबान नासली की जनावर नासलं. चल." मामा पुढे दोन दिवाळ्या आपल्या घरी आला नाही. आणि ते खोंड, आबा, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, नासलं बिसलं काही नाही. खेडच्या एका माणसाने ते घेतलं आणि चांगलं म्हातारं होईपर्यंत नांगराला चालवलं. मामा पुढे कितीतरी वर्षं आईला ऐकवायचा, "भावजींचं नासल्यालं खोंड परवा पाहिलं गं, अजून उड्या मारतंय." एका उदाहरणावरून नियम खोटा ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण खराही ठरत नाही.

तेव्हा माझ्यापुढे प्रश्न असा होता. गाडी घेतली नाही तर सकाळचं काम जाणार. घेतली तर आई तिच्यावर बसणार नाही, दारात उभी करू देणार नाही, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घराला एकच दार आहे. दोन दिवस मी बसनेच कामावर गेले. तिसऱ्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, "मी येते बगायला." मी विचारलं, "घ्यायला?" ती म्हणाली, "बगायला."

दुकानात गाडी काचेच्या मागे नव्हती, आमच्यासाठी पुसून बाहेर काढून ठेवली होती. बाकीचे पैसे माझ्या पिशवीत होते; मी दोन्ही हात तिच्या बंदांत अडकवून ठेवले. एजन्सीचे शेठ पुण्याचे, काळी टोपी, बोलणं अदबीचं. ते म्हणाले, "ताई, भाव वरूनच वाढलाय, आमच्या हातात काही नाही. कागदामागे छापलेलंच आहे."

"हो," मी म्हटलं. "वाचलंय मी."

त्यांनी बहुधा भांडणाची तयारी केली होती; ती वाया गेल्यामुळे ते जरा गोंधळले. तेवढ्यात आईने विचारलं, "भाव कवा वाढला म्हनायचा?"

"गेल्या महिन्यात, मावशी."

"आन् इसार कवा घेतला तुमी?"

"त्याला आता दीड वर्ष होईल."

"मंग इसार घेतल्याव वाढवला, असं म्हना की."

"अहो मावशी, हे काय बैल आहेत?"

"बैल असता तर मी आलेच नसते. इसार परत द्या आमचा."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "ताई, विचार करा. रक्कम परत घेतलीत की नंबर रद्द. पुढच्या नंबरचे गृहस्थ आत्ता येतीलच, त्यांनाही आजच बोलावलंय." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सही माझी लागणार होती आणि मी नाही म्हणू शकत होते. आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, शेठकडे बघत होती, पदर घट्ट खोचलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर एक मजा होती. तुम्ही गेल्यापासून मी ती पाहिली नव्हती. मी सही केली. माझ्या आयुष्यात पुरेसं कारण नसताना केलेली ही पहिली सही असावी.

पैसे पदराच्या गाठीत बांधून आई रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. "दोन च्या," ती म्हणाली. हॉटेलवाल्याने बाकावर दोन बायका पाहून आधी इकडेतिकडे आमच्याबरोबरचा पुरुष शोधला, मग चहा ठेवला.

"आई, गाडी जाईल."

"जाईना. तोडायचा तर सौदा पुरता तोडावा, अर्दा तुटल्याला सौदा म्हंजी अर्दं मेल्यालं जनावर." तिने बशीत चहा ओतला. "तुजं आबा काय म्हनायचं? भाव हालला तर त्या सौद्यातलं जनावर घ्यायचं न्हाई. न्हाईच घेतलं आपण. आता नवा सौदा करू. नव्या सौद्यातलं घिऊ नगा, असं कुटं म्हनलं हुतं त्यांनी?"

आबा, मी पदवीधर आहे. वाक्य घेऊन त्यात काय म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही हे तपासणं माझं रोजचं काम आहे. तुमच्या नियमातली ही वाट मला दिसली नव्हती. मला फक्त एवढंच दिसत होतं की समोर माझी स्कूटर उभी आहे आणि या क्षणी ती माझी नाही.

आणि पुढच्या नंबरचे गृहस्थ आले. देहूरोडच्या डेपोतले कारकून असावेत. सायकलवरून उतरले, हँडलला पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. आत गेले. लगेच बाहेर आले आणि थेट गाडीवर बसले. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. माझा चहा तसाच होता. "पी की," आई म्हणाली, "निवतोय." शेठ त्यांच्या कानाशी वाकून काही बोलले, आणि ते गृहस्थ गाडीवरून असे उतरले की जणू सीट तापली होती. रस्त्याच्या या कडेला सगळं ऐकू येत होतं. "आणखी? अहो राव, हुंडा ठरल्यावर मांडवात घड्याळ मागावं तसं झालं हे! नको तुमची गाडी! आमची सायकल बरी!" त्यांनी सायकलवर टांग टाकली, आमच्या बाकापाशी येऊन थांबले आणि खास रस्ता सोडून आम्हाला सांगितलं, "बाई, तुम्हीही त्यासाठीच आला असाल तर घेऊ नका. लूट आहे नुसती."

"व्हय की," आई अगदी मनापासून म्हणाली. "लई वाढवलाय भाव."

ते गेले. मी उठले. आईने बसल्या जागेवरून माझा पदर धरला. "बस खाली. आदी उठंल त्याला म्हाग पडंल." आणि हॉटेलवाल्याला म्हणाली, "दादा, आनखी दोन."

तेवढ्यात देहूरोडच्या बाजूने लष्करी ट्रकांची रांग आली. ती संपायला बराच वेळ लागला, धूळ बसायला आणखी थोडा. धूळ बसली तेव्हा शेठ रस्त्याच्या अलीकडे, आमच्या बाकासमोर उभे होते, टोपी झटकत.

"मावशी, चहा झाला का?"

आईने त्यांच्याकडे आधी कधी न पाहिल्यासारखं पाहिलं. "बसा की. कोन तुमी? गाड्याबिड्या इकता का?"

शेठ पाहतच राहिले, आणि मग त्यांना हसू आलं. खूप आलं. बाकाच्या टोकाला बसले आणि म्हणाले, "विकतो, मावशी. एक आहे. राखाडी. आत्ताच दोन गिऱ्हाइकं मोडली तिच्यावर, आणि तिसऱ्याला पत्र पोचायला आठवडा जाईल."

"भाव?"

"आजचा."

"आजचा म्हंजी आजचाच. मागचं आमाला काय ठावं न्हाई. आन् ते मागं जादाचं चाक लावत्यात ना?"

"स्टेपनी? तिचे वेगळे पडतात."

"लेक एकली जानार, सकाळच्या पारी, सुनसान रस्ता. चाकाबिगर कशी न्हील? आन् मी काय तिच्या डोक्याव बसू? मागची सीट पायजे."

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. मी माझ्या चहाकडे पाहिलं. मागची सीट आणि स्टेपनी, दोन्ही मिळाली. भाव आजचाच राहिला, म्हणजे एजन्सीने पत्रात लिहिला होता तोच. आईने पदराची गाठ सोडून त्यांच्या हातावर इसार ठेवला आणि शेठनी विचारलं, "आणि उद्या भाव वाढला तर, मावशी?" ती म्हणाली, "उद्या कशाला? आत्ताच न्हेतो."

कारखान्याच्या मैदानावर एका सहकाऱ्याच्या गाडीवर मी शिकले होते, त्यामुळे चालवण्याची काळजी नव्हती. मागे आई होती, ही काळजी होती. ती एका बाजूला दोन्ही पाय करून बसली, एका हाताने सीट धरली, दुसऱ्याने माझी वेणी. "हळू घे," तिने बजावलं. पिंपरीच्या पुढे म्हणाली, "एवढं हळू तर आपला तांबडा बैल जायचा." म्हणून मी वेग वाढवला. एका बैलगाडीच्या शेजारून गेलो तेव्हा गाडीवान ओरडला, "ओ मावशे, निगाला कुटं?" आणि तुमची बायको, आबा, जी अनोळखी माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ती ओरडली, "घरला! सरक बाजूला!" मग हसायला लागली. तिचं हसू माझ्या पाठीला कळत होतं. मीही हसले, तोंडात धूळ गेली. गाडी दारात उभी केल्यावर आईने तिच्या पुढच्या चाकावर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, आणि हाताला लागलेलं कुंकू हँडलला पुसलं. आज सकाळी मी पावणेसहाला प्रयोगशाळेच्या दारात होते. रखवालदाराने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

आता हा कागद मी कुठे टाकणार आहे? कुठेच नाही. पण व्यवहार पुरा व्हायचा तर एक गोष्ट राहते. घेणारा आपला खरा आकडा, म्हणजे अगदी शेवटी तो कुठवर जाईल ते, फक्त दलालाच्या कानात सांगतो, घरच्यांनाही नाही. माझा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. आई दुसरा चहा सावकाश फुंकत होती, तेव्हा शेठनी दुप्पट भाव सांगितला असता तरी मी दिला असता, आबा. कर्ज काढून दिला असता, आणि स्टेपनीसुद्धा मागितली नसती.