फाटकावरची हाक

३ ऑक्टोबर

रिव्हॉल्व्हरचं सहावं घर रिकामं ठेव, असं मिस्टर टॅकेट म्हणाले तोवर माझी पाच घरं भरून झाली होती आणि बोटं काळी. घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. नाहीतर ते हातून पडलं तर गोळी आपल्याच पायात जाते. जुन्या धर्तीचं हे रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतः सुटे भाग मागवून जोडलं आहे. आधी बंदुकीची दारू, मग शिशाची गोळी, वर चरबी, मागे तांब्याची टोपी. त्यांची बायको अर्लीन पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "हे भरेपर्यंत चोर जेवून भांडी घासून जाईल. त्यापेक्षा माझा बिडाचा तवा घे."

ट्राउट माशांची तळी सांभाळायला मी इथे आले आहे. घर झऱ्याच्या काठी, दोन्हीकडे डोंगर. शेजारी एवढे दोघेच. अर्लीनने मक्याची भाकरी आणि घेवडा ठेवला. मला इथे करमेल.

८ ऑक्टोबर

इथे फाटकाशी थांबून हाक दिल्याशिवाय कोणी अंगणात येत नाही. प्रत्येकाच्या दारामागे भरलेली बंदूक असते. मिस्टर टॅकेट आधी खोकतात, मग ओरडतात, "घरात कोणी आहे का?" मला ऐकायला बरं वाटतं.

१४ ऑक्टोबर

काल दिवेलागणीला मिस्टर टॅकेटची हाक आली. मी कॉफी घेऊन बाहेर गेले. फाटकावर कोणी नव्हतं. आज विचारलं, तर काल ते दाढ काढायला गावात गेले होते.

१९ ऑक्टोबर

पुन्हा हाक. या वेळी माझ्या नावाने, "मॅव्हिस." शेरीफच्या माणसाला फोन केला. तो हसला, नकला करणारा पक्षी असेल म्हणाला.

पक्षी आधी खोकत नाही.

२३ ऑक्टोबर

मिस्टर टॅकेटना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "यापुढे मी हाक देणार नाही, पोरी. सरळ पायरीवर येऊन दार वाजवीन. हाक आली तर तो मी नाही."

अर्लीन पायरीवरून उठून फाटकापर्यंत बघून आली.

त्यांनी रिव्हॉल्व्हर उडवून पाहिलं. एक तांब्याची टोपी नुसती फुसकी निघाली. झऱ्याची ओल, म्हणाले. दुसरा बार उडाला आणि एवढा धूर झाला की शेजारी उभे असलेले तेच मला दिसेनात. वारा नव्हता. धूर तिथेच राहिला. घरं पुन्हा भरून दिली. कोरड्या टोप्या आणून देईन म्हणाले.

२६ ऑक्टोबर

दिवसभर धुकं. हाक फाटकाच्या आतून आली. मग खडीवर पावलं. मग दाराची मूठ फिरली, सावकाश, आणि परत जागेवर गेली.

मी दार उघडलं नाही. पुन्हा मूठ फिरली तर —

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ

खोकला. हाक.

खिडकीतून धुक्यात कोणीतरी. अंगणात. पुढे येतंय. रिव्हॉल्व्हर रोखलं. घोडा पडला — नुसतं टक्. दुसरं घर. टक्.

ते थांबलं. मग त्यांच्याच आवाजात, "मॅव्हिस, अगं मीच आहे, थांब —"

तिसरं उडालं.

धूर. पलीकडे काही दिसत नाही. धूर हलतच नाही. आवाजही —

२९ ऑक्टोबर, सकाळ

धुकं विरल्यावर मिस्टर टॅकेट अंगणात मरून पडलेले सापडले. मुठीत तांब्याच्या कोरड्या टोप्यांची डबी. शेरीफची माणसं त्यांना घेऊन गेली. मला घरातच थांबायला सांगितलं आहे. अर्लीन त्यांच्याबरोबर गेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे. एकदाच बोलली. सत्तर वर्षं त्या माणसाने हाक दिल्याशिवाय कोणाचं फाटक ओलांडलं नाही, म्हणाली. ठरवलं तरी तोंड कसं आवरेल.

रडली नाही. माझ्याकडे बघतही नाही.

आत्ता फाटकाशी कोणीतरी खोकलं.

अर्लीनने मान वर केली. ती उठली. मी नको म्हणतेय, ती ऐकत नाही, तिने दार —