पायऱ्यांचे गुण

८ जानेवारी १९९६. रामवाडी, पेण.

लागले एकदाची नोकरीला. बी.एड. करून दोन वर्षं अष्टमी गावात घरी बसले होते. पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात गेलं की ओळखीचा प्रत्येक माणूस विचारायचा, काय सुरभी, कुठे चिकटलीस की नाही? आता विचारा म्हणावं.

शाळा पेणहून एसटीने खाडीकडे, अगदी शेवटच्या थांब्याला. आजूबाजूला खारी शेतं आणि मिठागरं. मला नववीचं गणित दिलंय. खोली रामवाडीत काशीबाईंकडे मिळाली. त्यांनी चहा टाकायच्या आधीच विचारलं, लग्न का नाय केलं? मी म्हटलं, ते एक गणित सुटेना. त्या हसल्या नाहीत. जमेल हळूहळू.

मुख्याध्यापक दत्तात्रेय मोकल सर बोलायला गोड आहेत. माझी जागा रजेवरच्या बाईंची. त्या काही परत येत नाहीत, तेव्हा जूनमध्ये तुम्हीच कायम व्हाल, म्हणाले. गेल्या वर्षी दहावीचा निकाल एकोणतीस टक्के लागला होता आणि वरून तंबी आली आहे. यंदाही तसंच झालं तर अनुदान जाईल आणि पगारावर पाणी सोडावं लागेल, असं सगळे शिक्षक बोलतात. मला काळजी वाटली नाही. पोरांना शिकवायलाच तर आले आहे.

२ फेब्रुवारी

वर्ग आवडायला लागलाय. मुलं मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात, आणि डबा तासालाच उघडतात.

मागच्या बाकावर खिडकीशी शांती बसते. आईबाप मिठागरावर, आणि हीही सकाळी तासभर मीठ ओढून मग शाळेत येते. टाचा फुटलेल्या, बोटांना चिरा. पण गणित तोंडात. मी फळ्यावर उदाहरण लिहून वळायच्या आत हिचं उत्तर तयार असतं. मात्र वहीत नुसतं उत्तर. मी रोज ओरडते, अगं पायऱ्या लिही, गुण पायऱ्यांना असतात. आज ती म्हणाली, "उत्तर बरूबर हाय ना बाई, मंग?" सगळा वर्ग खिदळला. मीही हसले, पण हातावर एक छडी दिलीच. हलकीच.

१९ मार्च

आज मोकल सरांनी नववीच्या शिक्षकांना बोलावून घेतलं. दहावीला बुडतील अशी पोरं नववीतच अडवायची. किंवा नाव काढून घरी बसवायची आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावायची. नापास झाली तरी शाळेच्या निकालात ती धरत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत याला गाळणी म्हणतात. चहा गाळावा तितक्या सहज बोलत होते सगळे.

चाळीसच्या खाली कोणी वर पाठवायचा नाही, असं ठरलं. मी विचारलं, पस्तीसला तर पास ना? सर म्हणाले, बाई, काठावरचं पोर म्हणजे काठावरचीच शाळा. आणि मग सगळ्यांसमोर गोड आवाजात, तुमच्या कायमच्या प्रस्तावावर मलाच सही करायची आहे.

२२ एप्रिल

पेपर तपासून झाले. गळायची ती बहुतेक खरोखरच कच्ची आहेत, त्यांचं वाईट वाटलं नाही. शांती मात्र गणितात पास आहे. सदतीस. उत्तरं सगळी बरोबर, पण पायऱ्या नाहीत म्हणून निम्म्याहूनही कमी गुण मिळालेत.

दुपारी तिची आई जनी शाळेत आली होती. हातात केळीच्या पानात बांधलेलं सुकट. म्हणाली, हिच्या बाबानं सांगितलंय, पास झाली तर दहावी करू दे, नाय तर पुरा वेळ मिठागराव. तेवढं बघा बाई. मी सुकट घेतलं आणि बघते म्हटलं.

२३ एप्रिल

केलं. सर पाठीशी उभे होते. जरा कडक तपासा, एवढंच म्हणाले. मी एका उदाहरणातून दोन काढले, दुसऱ्यातून दोन, भूमितीतून दोन. पायऱ्या नाहीत, हे कारण खोटं नाही. एकतीस.

रात्री सुकट खाल्लं नाही. काशीबाईंना देऊन टाकलं.

१ मे

निकाल लावला. नापास झालेली पोरं गेटबाहेर रडत होती, शांती नाही. ती सरळ माझ्याकडे आली आणि विचारलं, "बाई, माजं कुटं चुकलं?" मी म्हटलं, पायऱ्या गाळल्यास. तिने मान हलवली आणि म्हणाली, पुढच्या वेळी एक पन नाय गाळनार. मग खाली वाकून माझ्या पाया पडली.

मी उद्याच अष्टमीला जाते. सुट्टीत हे विसरायला होईल.

१० जून

सुट्टीहून आज आले. शिपाई रघू गेटवरच भेटला. घंटेची दोरी हातात तशीच धरून त्याने सगळं सांगितलं. मेमधल्या अमावास्येच्या उधाणाने बांधाला खांड पडली. बांध फुटून पाणी मिठागरात शिरलं तेव्हा सगळे पळाले, पण शांती मिठाच्या राशीवर पेंढा टाकायला मागे फिरली, कारण बापाने तिला तेवढं एक काम सांगितलं होतं. भरती उतरल्यावर सापडली. रघू म्हणाला, अंगावर मीठ धरलं व्हतं, पोर नुसती पांढरी.

मी तास घेतला. भागाकार शिकवला. आज दुसरं काही लिहिणार नाही.

२४ जून

कायम झाले. सरांनी पेढे वाटले. आईला फोन केला, ती रडली. मलाही रडू आलं. ते कशाचं, हे तिला कळलं नाही.

यंदा दहावीची वर्गशिक्षिका मीच. हाच वर्ग, गाळून घेतलेला. मागचा खिडकीजवळचा बाक रिकामा आहे. तिथे कोणी का बसत नाही, मी विचारलं नाही.

३ जुलै

त्या बाकावर मीठ धरलंय. पातळ, पांढरा थर. रघूने ओल्या फडक्याने पुसलं. दुपारी पुन्हा होतं. मला आधी वाटलं, वर्षानुवर्षांची खारी हवा, लाकडातून येत असेल. पण रघू म्हणाला, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं बाई. काशीबाईंच्या बरणीतलं मीठ नुसतं लगदा झालंय. हे मात्र कोरडं. बोट फिरवलं की करकरतं.

१२ जुलै

फळ्यावर समीकरण मांडून वळले. मागून कोणीतरी उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी विचारलं, कोण? ऋतुजा म्हणून पुढच्या बाकावर एक धीट मुलगी आहे, ती म्हणाली, बाई, कोन पन बोललं नाय.

मी नेहमीच्या सवयीने म्हणून गेले, पायऱ्या सांग.

कशाला म्हटलं मी ते?

२९ जुलै

चाचणीचे पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसले होते. दुपार, बाहेर धो धो, बाकीचे चहाला गेलेले. पहिला पेपर ऋतुजाचा. पहिलं उदाहरण नीट सोडवलेलं. दुसऱ्यात अक्षर बदललं. आकडे मोठे, गोल, रेघेच्या वर तरंगणारे. हे अक्षर मी ओळखते.

पायऱ्याच पायऱ्या. दोनाला दोनाने गुणले. चार आले. चार खाली लिहिले. एकही गाळलेली नाही. पानं भरली तरी उदाहरण संपेना. आणि मग:

पायरी. बाईंनी पेपर उघडला.
पायरी. बाईंनी लाल पेन घेतले.
पायरी. दोन काढले. दोन काढले. दोन काढले.
पायरी. बाबा म्हणाला, चल.
पायरी. खांड पडली.
म्हणून, उत्तर

पुढे काही नाही. दुसरा पेपर उघडला. तिसरा. सगळ्यांमध्ये तेच. सरांना हाका मारून आणलं. सरांनी चाळून बघितले आणि म्हणाले, छान आहेत की पेपर, हा प्रकाश तर सत्तरच्या वर जाईल. त्यांना काहीच दिसत नाही.

३० जुलै

गुण देऊन टाकले. ऋतुजाला अडुसष्ट लिहिलं. कागदावर उमटलं एकतीस. खोडलं, पुन्हा लिहिलं. एकतीस. सगळ्या वर्गाला एकतीस.

हे मात्र सरांना दिसलं. चिडले. आमच्या निकालाची वाट लावायला आलात का, म्हणाले.

मी सांगितलं त्यांना. शांती पास होती, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आपण कुठेतरी ते दुरुस्त करू या. त्यांनी पेपरांचा गठ्ठा बांधला. मग हळूच म्हणाले, मेलेल्या पोरीला गुण देऊन कुणाचं भलं होणार? रजा घ्या चार दिवस.

ते घाबरलेले नव्हते. त्यांना नुसती अडचण वाटत होती. आणि एप्रिलात मीही अशीच होते. कागदावर चार रेघा ओढल्या आणि बस पकडून घरी गेले.

४ ऑगस्ट

जनीकडे गेले. दारात चिखल, आत चुलीचा धूर. तिने मला पाट दिला. मी काही बोलायच्या आधी तीच माझी समजूत घालायला लागली. "तुमचा काय दोस बाई. माजी पोर कच्चीच व्हती."

ते ऐकवेना. मी सांगितलं. कच्ची नव्हती. पास होती. मी नापास केली, माझ्या नोकरीसाठी.

जनी रडली नाही. लाकूड चुलीत सारलं. मग विचारलं, "मंग ती मिठागराव कशाला गेली?"

मी तिचे पाय धरायला गेले, तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "मला काय सांगताव? ती रोज जाते ना शाळंत. तिला सांगा."

६ ऑगस्ट

आज सांगेन. वर्गात. तोंड उघडलं की जिभेवर मीठ. पाणी पिते, तेही खारं —

मुलं बोलत नाहीत माझ्याशी. एकट्या ऋतुजाने विचारलं, बाई, तुमी मागच्या बाकाकडं बगून का शिकवता?

७ ऑगस्ट

शाळा सुटली. रघूला म्हटलं, कुलूप लावू नकोस. मागच्या बाकावर बसले आहे, तिच्या शेजारी जागा सोडून. वही उघडी. उजेड आहे अजून.

बाकावर मीठ पसरत येतंय. माझ्या कोपरापर्यंत —

आली.

सांगितलं. बरोबर होतं शांती. सगळं बरोबर. तुझं कुठेच चुकलं नाही, माझं —

रागावली नाही. मला वाटलं होतं, रागावेल. नुसता पेपर पुढे सरकवला. तोच, एप्रिलचा. पांढरं बोट रिकाम्या जागेवर. म्हणते,

"मंग लिवा ना बाई."

लाल पेन घेतलं. हात जड. कोपरापर्यंत पांढरा झालाय, वाकत नाही. सदतीस. नुसते दोन आकडे. मनगट डाव्या हाताने धरलंय. तिला हे आईला दाखवायचंय म्हणे, म्हणून वाट बघत थांबली आहे, इतके दिवस —

लिहिते, बाळ. थांब. लिहिते

३