वाकलेला तुकडा

मंगळवार, दिवेलागण

मोडलेला तुकडा पर्समध्ये घालून घरी आणला, कशासाठी कोण जाणे. मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चकाकते. चिवट पोलाद असं मोडत नाही, ते आधी वाकतं.

खंडेनवमीला क्रेनचा बूम, तो लांबलचक हात, वेल्डिंग करून भट्टीत होता. तापवून झालं की लगेच बाहेर काढून वाऱ्यावर गार करायचा. हे पोलाद सावकाश निवलं की जोड ठिसूळ होतात. पण भट्टीच्या दाराला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. "मॅडम, पूजा झाल्यावर हात लावायचा नसतो," फोरमन म्हणाले. दार उघडलं ते दसरा झाल्यावर.

बूमसोबत ठेवलेला नमुन्याचा तुकडा आज एका फटक्यात मोडला. मग तसाच दुसरा मी परत तापवला, पंख्याखाली गार केला. तो वाकला. मोडला नाही! म्हणजे उपाय आहे, बूमही परत तापवू, असं सांगायला मालकांकडे जवळजवळ धावतच गेले.

त्यांनी तुकडा हातात घेतला. "अहो, वाकतोय की. झालं तर मग. बूम पास."

"साहेब, बूम अजून तसाच आहे. मी फक्त हा तुकडा..."

"तुकडाच दाखवायचा असतो, मॅडम. छान काम केलंत."

का केला मी तो? उद्या बूमला पिवळा रंग लागेल. नंतर त्याच्याखाली माणसं उभी राहतील.

वाकलेला तुकडा त्यांनी कपाटात जपून ठेवला. ही खडीसाखर भंगारात टाकायला सांगितली होती.