गाऱ्हाण्यातलं माझं नाव

कोलशेत, ठाणे

ती. आईस,
तुझ्या नास्तिक लेकाचा साष्टांग नमस्कार.

बाबा गेल्यापासून नऊ वर्षं मी देवाशी अबोला धरला होता. यंदा डोंबिवलीला दादाच्या गणपतीला गेलो. देव हाकलेल या धास्तीने मोदक जरा जास्तच नेले.

वहिनी म्हणाली, "भावजी, चपला आत घ्या, चोरीला जातील." झालं स्वागत!

दादाने गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, आमचो विनीत खंय आसात थंय तेका सुखी ठेव."

"अरे दादा, मी इथेच उभा आहे!"

"सवय लागली रे. नऊ वर्षं हेच सांगतोय."

म्हणजे अबोला एकट्या माझाच होता. देव दरवर्षी माझं नाव ऐकून घेत होता. आरतीला माझा आवाज फुटेना. धुपाचा त्रास, असं सांगून टाकलं.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझा सापडलेला,
विनीत