मयत पत्नीच्या नावावरची 'जोखमीचे वर्तन' ही नोंद माझ्या नावावर घेण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
गुप्तरोग सर्वेक्षण कक्ष,
नागरी आरोग्य केंद्र.

विषय : सर्वेक्षणात पत्नीच्या नावे लिहिली गेलेली माझी वागणूक माझ्या नावे करून मिळणेबाबत.
संदर्भ : पत्नीच्या नावे आलेले आपले स्मरणपत्र क्र. ३.

महोदय,

१. मी बॉयलर दुरुस्तीचा फिटर आहे. वर्षातले आठ महिने फिरतीवर असतो. माझी पत्नी पाच महिन्यांपूर्वी वारली. गर्भाशयातला संसर्ग पोटात पसरला होता. त्याआधी दोन वर्षे ती दुखणे अंगावर काढत होती.

२. ती जाऊन महिना होत नाही तोच आपले पत्र आले : 'आपले वर्तन जोखमीचे आढळल्याने समुपदेशनास हजर राहावे.' ती हजर राहिली नाही म्हणून आणखी दोन पत्रे आली. तिसरे माझ्या मुलीने फोडले. तिने मला एवढेच विचारले, "बाबा, आई अशी होती?" 

३. खरे असे आहे. अडीच वर्षांपूर्वी फिरतीवर असताना मी बाहेरच्या बाईकडे गेलो, दारू पिऊन गेलो, निरोध वापरला नाही. मला लागण झाली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिले, 'पत्नीची तपासणी व उपचार आवश्यक.' बरे वाटताच मी गोळ्या सोडल्या. चिठ्ठी पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवली. घरी बोललो नाही.

४. आपल्या सर्वेक्षणाच्या ताईंना मी भेटलो. त्यांना माझी पत्नी आठवते. ती म्हणाली होती, "माझं काय लिहिता? मी गिरणीपर्यंत जाते आणि परत येते. यांचं लिहा." ताईंनी माझेच लिहिले. पण घराला एकच फॉर्म, आणि नाव घरी असेल त्याचे. परस्त्री, दारू, निरोध, तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. म्हणजे तिला सगळे माहीत होते. हे मला आपल्या फॉर्मवरून कळले.

५. खिडकीवरचे कारकून म्हणतात, "काका, दुरुस्तीला ज्याची नोंद त्यानेच यायचं." ती वारल्याचे सांगितले तर म्हणाले, "मग नावापुढे मयत लिहितो. वर्तन तसंच राहील." मी म्हटले, वर्तन माझे आहे. त्यावर त्यांनी पुरावा मागितला. रांगेतले लोक हसले. पुरावा सोबत जोडला आहे. त्यावर ग्रीसचे डाग आहेत, अक्षर लागते.

६. आमच्या टोळीत अकरा माणसे आहेत. आम्हाला आजवर कोणी काही विचारले नाही. आपली माणसे दुपारी येतात, तेव्हा घरी बायकाच असतात. रोग आणणारे कामावर आणि यादीत नावे बायकांची. कृपया सुट्टीच्या दिवशी या. मी स्वतः अकराही जणांना बसवून ठेवतो.

तरी माझ्या पत्नीचे नाव त्या यादीतून काढावे व तिथे माझे लिहावे. समुपदेशनाची तिला दिलेली तारीख येत्या गुरुवारची आहे. त्या दिवशी मी हजर राहीन.

माझे अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून मी सांगितले आणि मुलीने लिहिले. तिसरा परिच्छेद अर्धा झाल्यावर ती उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने परत आली आणि म्हणाली, "सांगा पुढे." गुरुवारी ती सोबत येणार आहे.

आपला नम्र,
(सही)
बॉयलर फिटर, घर क्र. ४१
दि. १४, मंगळवार

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ प्रत
२) मृत्यू दाखला
३) आपली तिन्ही पत्रे, परत