वासूच्या सायकलची चेन

रवि. १२ जाने. ९७
दोन्ही सायकली अंगणात उलट्या करून बसले. माझी चेन आठवडाभराच्या धुळीने काळी. वासूच्या चेनवर गंज. पाऊस नाही, मागच्या रविवारीच तेल दिलेलं. अमरगोळच्या अडत दुकानात जाणाऱ्याच्या चेनमध्ये भुसा, तूस सापडायला हवं. काडीही नाही.
विचारलं तर म्हणे, "अक्का, तेलच हलकं असेल तुझं."
माझं तेल हलकं! अप्पा असते तर कान पिळला असता त्याचा.

रवि. १९
पुन्हा गंज. फ्रीव्हीलच्या दातांत वाळलेलं शेवाळ. उणकलचं तळं वाटेवर आहे खरं, पण रस्ता काठाने जातो.
येत्या शिवरात्रीला मंदा वारून वर्ष होईल. वासू बायकोचं नाव काढत नाही, मीही नाही. जेवतो, ताट उचलतो, झोपतो. मला विचारायचा धीर होत नाही.

रवि. २ फेब्रु.
चेन चिखलाने भरलेली. चिखलाची रेघ चाकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे सायकल हाताने धरून पाण्यात नेली. पँटही गुडघ्यापर्यंत भिजलेली.

सोम. ३
शाळेतून अर्धी रजा काढून अमरगोळला गेले. दुकानाचे मालक म्हणाले, "वासण्णा? दीपावळी आदमेले बंदे इल्ल री." दिवाळीनंतर गेलाच नाही! रोज डबा नेतो, रिकामा आणतो.
घरी येऊन गप्प बसले. बोलले आणि त्यातून भलतंच काही झालं तर?

रवि. ९
चेन रॉकेलमध्ये धुतली, वाळवली, चढवली. तेल मुद्दाम घातलं नाही. जन्मात पहिल्यांदा. कोरडी चेन झिजते, कळतं मला. झिजू दे. निघाला की वाजेल, मागून जाता येईल.
वासू बघत उभा होता. "आता कशाला इतकं करतीस, अक्का. राहू दे."
ते 'आता' डोक्यातून जात नाही.

मंगळ. ११
वाजली. आवाज धरून लांबून मागे गेले. तळ्यापाशी उतरला, सायकल धरून पाण्यात गेला. गुडघाभर. नुसता उभा. हाक मारली तर वळला.
"चाकं धुतोय गं."
हात धरून घरी आणला. मुकाट्याने आला, तेच जास्त भीतीचं. शेजारच्या गुरूअण्णांना ओट्यावर सगळं सांगितलं. उद्या धारवाडला डॉक्टरांकडे नेऊ म्हणाले. वासू आत होता. ऐकलं का त्याने?

बुध. १२
चेन वाजली नाही, म्हणून निवांत पडून राहिले. मूर्ख मी.
सायकल नाही. पायरीवर तेलाची बाटली, झाकण घट्ट. शेजारी चिंधी, घडी घातलेली. कडी न् कडी तेल देऊन, जास्तीचं पुसून गेलाय. अप्पांनी दोघांना शिकवलं तसं.
गुरूअण्णा स्कूटरवर तळ्याला जाऊन आले. काठावर काही नाही. आता अळणावरला गेलेत. मंदाचं माहेर तिथलं. इतकं नीट तेल माणूस लांबच्या वाटेलाच घालतो, असं मनाला सांगते आहे.
ओट्यावर बसले आहे. गल्लीतून सायकली जातात, सगळ्या कुरकुरत. वासू परत आला तरी आता ऐकू येणार नाही.