रोह्याच्या भावाकडे अडकलेला ग्रीकांचा शेवट

मी, गोदावरी काशिनाथ मोकल, वय वर्षे शहात्तर, धंदा गणपतीच्या मूर्ती, राहणार पेण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. चष्मा लावला की डोळेही आहेत. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मला दाबात ठेवील असा माणूस पेण तालुक्यात अजून तरी भेटलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. राहतं घर, मागचा कारखाना, सगळे साचे आणि बँकेतली ठेव माझी मुलगी नम्रता हिला द्यावी. कारखाना आता तीच चालवते. मी फक्त मूर्तींचे डोळे आखते आणि कटकट करते. कटकटीला वारस नेमलेला नाही, ती गुणी मुलगी आपणहून शिकली आहे.

२. आखणीचे माझे बारीक ब्रश रघूला द्यावेत. तो आमचा सर्वांत जुना कारागीर. डोळ्यांची आखणी मूर्तीचं सगळं रंगकाम झाल्यावर, शेवटी आणि गप्प बसून करायची असते. रघूचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे त्याला मी असेपर्यंत कळू नये, डोक्यावर बसेल.

३. लोखंडी कपाटातली पुस्तकं कारखान्यातच राहावीत. त्यांतली निम्म्याच्या वर प्राचीन ग्रीकांवरच्या कादंबऱ्या आहेत. गणपती करणाऱ्यांना ग्रीक कशाला हवेत, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे, म्हणून उत्तर लिहून ठेवते.

एका वर्षी कारखान्यातला रेडिओ बंद पडला आणि कामाला लागलेल्या माणसांना काहीतरी ऐकायला हवं म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. आधी आपल्याच राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या वाचल्या. पण त्यांत कोण जिंकणार, कोण दगा देणार, हे सगळ्यांना शाळेतच कळलेलं असतं. मग रद्दीवाल्याकडे ग्रीकांची एक कादंबरी मिळाली, तीन भागांत, पुठ्ठे आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळे नावगाव काही नाही. ग्रीकांचं पुढे काय होणार याचा आम्हाला पत्ता नव्हता. माणसं मात्र ओळखीची निघाली. भाऊबंदकी तीच, समुद्र तोच, आणि देव तर भक्तांपेक्षा भांडखोर. त्यांच्या मूर्तीही तेव्हा रंगवलेल्या असत, डोळ्यांसकट. हे वाचलं त्या दिवशी कारखान्यात टाळ्या पडल्या. कादंबरीचा नायकच मूर्ती रंगवणारा होता. त्याचं लांबलचक नाव आम्ही निकू करून टाकलं. गावाला वेढा पडलेला, शत्रूची जहाजं खाडीच्या तोंडाशी, आणि निकूला देवीचे डोळे आखायचे आहेत. तिथे दुसरा भाग संपतो.

पुस्तकांबरोबर एक नियमही ठेवून जाते, तो पाळावा. लढाईची प्रकरणं मूर्ती घासायच्या वेळी वाचावीत, लग्नं आणि मेजवान्या रंगाच्या वेळी, आणि आखणीला काहीही वाचू नये. दुसरा भाग चालू असताना मला धीर धरवेना. नम्रताला वेढ्याचं प्रकरण वाचायला बसवलं आणि मी इकडे डोळे आखत राहिले. त्या दिवशी आखलेला गणपती असा रागीट झाला की रघू त्याच्या समोर उभा राहीना. तो नेमका माझा धाकटा भाऊ कमळाकर याच्या रोह्याच्या घरचा होता. कमळाकरने तो परत केला नाही. चतुर्थीला फोन करून म्हणाला, "ताय, यंदा बाप्पा रागावलाय खरा, पन आमच्या घरात रागवायला कारनं पन हायत." त्या वर्षी त्याने तंबाखू सोडली. त्याच्या बायकोने मला साडी पाठवली.

४. आता या कमळाकरशी असलेला हिशोब. पुढल्या पावसाळ्यात तो तिसरा भाग "दोन दिसांत देतो" म्हणून रोह्याला घेऊन गेला. त्याच्या घरात पाणी शिरलं आणि पुस्तक गेलं. "पन माजा वाचून झालाय, सांगू?" असं वर त्याने विचारलं. मी म्हटलं, "एक शब्द काढलास तर भाऊबीज बंद." मला ते वाचायचं होतं, ऐकायचं नव्हतं. नाव ठाऊक नसलेलं पुस्तक मी तेव्हापासून शोधते आहे. भाऊ तेव्हापासून गप्प आहे. भाऊबीजेला ओवाळते, पण ग्रीकांचा विषय निघाला की मी उठून आत जाते. म्हणून माझी इच्छा अशी की माझ्या तेराव्याला कमळाकरने कारखान्यात माझ्या जागेवर बसून सगळ्यांना शेवट सांगावा.

इथवर लिहून झालं होतं, तोच साक्षीसाठी बोलावलेला कमळाकर रोह्याहून आला. मी त्याला चौथं कलम वाचून दाखवलं.

"ताय, तू नसताना मी कुनाला सांगू गो?"

"कारखान्याला."

"मना नाय जमायचा. ऐकायचा तर आत्ता ऐक, नायतर ऱ्हाव दे."

रघूने ब्रश खाली ठेवला. नम्रताने रंग फवारायचं मशीन बंद केलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पुस्तक आता सापडायचं नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा मान्य झालं, आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "सांग."

कमळाकरने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. निकू देवळात डोळे आखत होता. बाहेर लढाईचा आवाज. तो आवाज ऐकता ऐकता देवीचे डोळे रागीट झाले. दार मोडून शत्रूचा सरदार आत आला, त्याने वर पाहिलं आणि तो जागीच थबकला. त्याचे शिपाई म्हणाले, ही आपल्यावर रागावली आहे, चला. सरदाराने शिरस्त्राण काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "रागावली खरी, पन आमच्या घरात रागवायला कारनं पन हायत." मग त्याने जहाजं माघारी नेली.

मग रघू म्हणाला, "व्हय, असाच व्हायला पायजे." मी पदराने चष्मा पुसला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

५. चौथं कलम रद्द. कमळाकर पुढच्या खोलीत चहा पितो आहे तोवर हे लिहिते. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, माझी सही होताना पाहिली की पुरे. म्हणून त्याला हे माझ्या मागेच कळेल.

कमळाकर, सरदाराचं ते वाक्य ग्रीक नाही, रोह्याचं आहे. तिसरा भाग तू वाचलाच नव्हतास की वाचून विसरलास, ते मी विचारणार नाही. माझ्या बिघडलेल्या गणपतीने तू एक अख्खं गाव वाचवलंस. याहून चांगला शेवट त्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही, आणि असला तरी मला आता तो नको.

वकीलबाई असंही म्हणाल्या की साक्षीदाराला मिळकत देऊ नये. तशी देत नाही. पण कारखान्यातली वाचायची जागा, खिडकीखालचा पाट, ही काही मिळकत नव्हे. तिथे तू बसायचंस. कपाटातली पुस्तकं संपली की पुढचे ग्रीक तुझ्या मनाचे सांग. लढाई मात्र घासायच्या वेळीच.

वरील सर्व मी वाचून, समजून, हसून सही केली.

सही: गोदावरी काशिनाथ मोकल

आमच्या समोर सही झाली, आम्ही ती पाहिली, मजकूर पाहिला नाही:

१. कमळाकर रामा घरत, रोहा (मूळ गडब)
२. हैबतराव सावंत, शेजारी, पेण

ठिकाण: पेण, मूर्तींचा कारखाना
दिनांक: १४ जून २०२५